नाळ बँकेत ठेवण्याआधी...

आंबागडला आमच्या बचत गटाची बैठक संपत आली होती. सात महिन्यांची गरोदर असलेली एक सून पर्समधून रंगीत पत्रक काढत हळूच म्हणाली, "काकू, बाळाची नाळ म्हणे बँकेत ठेवता येते. पुढं कोणताही आजार झाला तरी त्यातून लेकरू बरं होते. पैसे भरू काय?" तिच्या पुतण्याला सिकलसेल आहे. त्यामुळे तिच्या जिवाला घोर लागणं साहजिकच.

स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. आपल्या हाडांच्या मगजात त्या असतात आणि आयुष्यभर नवं रक्त तयार करतात. बाळाच्या नाळेतल्या रक्तातही त्या असतात. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, नि लेकरू दुखण्यानं तळमळतं. विदर्भातल्या कितीतरी घरांना हे सांगायलाच नको!

यावर मूळपेशींचा उपचार खरोखरच आहे. आपल्या देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणी पोलिओ झाल्यानं ते स्वतः व्हीलचेअरवर असत. रुग्ण होती रक्ताचा कॅन्सर झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि मगज दिला तिच्या भावानं. आज थॅलेसेमिया आणि सिकलसेलची मुलंही या उपचारानं बरी होऊ शकतात.

पण इथेच मेख आहे. सिकलसेल जनुकातला दोष आहे. बाळाला तो असेल, तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच असणार. मग स्वतःची नाळ काय कामाची? मूळपेशी लागतात त्या दुसऱ्याच्या, आणि सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. स्वतःची नाळ पहिल्या वीस वर्षांत उपयोगी पडण्याची शक्यता आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत फार तर अडीच हजारांत एक सांगितली आहे, कमीत कमी दोन लाखांत एक. खासगी बँकेत नाळ ठेवायची शिफारस आयसीएमआर करत नाही. हां, घरात मोठं भावंडच अशा आजारानं ग्रासलेलं असेल, तर धाकट्याच्या नाळेबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

हा उपचार सोपाही नाही. आधी जालीम औषधांनी रुग्णाचा मगज रिकामा करतात. जंतुसंसर्गाची, जिवाचीही जोखीम असते. खर्च लाखांत जातो. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाने 2017 मध्ये दहा लाखांपर्यंत मदतीची योजना सुरू केली, तशी मदत शोधावी लागते. आणि मगज देणारं भावंड पाच-सहा वर्षांचं असेल तर? त्याचा मगज काही आठवड्यांत भरून येतो, हे खरं. पण सही आईबाप करतात आणि सुई त्याला टोचली जाते. त्याला जवळ घेऊन, समजेल अशा शब्दांत सांगणं हा त्याचा हक्क आहे. ते आजाऱ्याचं औषध नव्हे, तेही आपलंच लेकरू आहे.

खरी चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मधुमेह, सगळ्यांवर "स्टेम सेलचं इंजेक्शन" सांगून शेत विकायला लावणारे भेटतात. आयसीएमआरच्या सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मोजके उपचार सोडले, तर बाकी सारे अजून प्रयोग आहेत. आणि प्रयोगात सहभागी रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कुणी पैसे मागितले, तर आधी विचारा, हा मान्य उपचार आहे की प्रयोग? लेखी द्याल का?

त्या सुनेला मी पत्रक बाजूला ठेवायला सांगितलं आणि नवऱ्यासह सिकलसेलची रक्ततपासणी आधी करायला सांगितली. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सरकारी दवाखान्यात तपासणीची सोय असते. 1 जुलै 2023 पासून तर सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमच सुरू झाली आहे. घरात लग्नाची बोलणी चालू असतील, तर पत्रिकेसोबत हा रिपोर्टही मागा. त्यात लाजायचं काही नाही.