आठवड्याला तीन फोन, सहा-सहा मिनिटांचे

शिरूरहून येरवडा मध्यवर्ती कारागृह नगर रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. दौंडकरांना आधी रेल्वेने पुणे गाठावे लागते आणि मग रिक्षा करावी लागते. रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या माणसाने आत असलेल्या भावाची मुलाखत घ्यायची म्हटली, की त्या दिवसाचा रोज बुडालाच.

कोविडच्या काळात मुलाखती बंद पडल्या आणि व्हिडिओ कॉलवरची ‘ई-मुलाखत’ रुळली. नातेवाइकाने ऑनलाइन नोंदणी करायची, ठरल्या वेळी मोबाइलवर आतला माणूस दिसतो. सोय चांगली आहे, पण ती स्मार्टफोन असलेल्यांची. घरात साधा बटणांचा फोन असेल, तर आईला शेजारच्या पोराची मनधरणी करावी लागणार.

साध्या फोनसाठी पूर्वी नाणी टाकायचे कॉइन बॉक्स होते. ते वरचेवर बिघडत. 2023 मध्ये येरवड्यात स्मार्ट कार्डचा प्रयोग सुरू झाला. बंद्याने घरच्यांचे आणि वकिलाचे नंबर नोंदवायचे, कार्ड यंत्राला लावायचे आणि बोलायचे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी सहा मिनिटे. कच्च्या कैद्याच्या सहा मिनिटांत काय काय बसवायचे असते! पुढची तारीख कधी, जामीनदार तयार झाला का, सातबारा काढला का, वकिलाची फी कुठून आणायची. पोरांची चौकशी बहुधा शेवटी, घाईघाईने.

चोरटा मोबाइल हा याच गरजेचा दुसरा चेहरा. अर्थात, सगळेच चोरटे फोन बायकोमुलांसाठी नसतात. खंडणीचे आणि साक्षीदारांना धमकावण्याचे धंदेही त्यावरूनच चालतात. नागपूर कारागृहातून 31 मार्च 2015 रोजी पाच कैदी पळाले. त्यानंतरच्या झडत्यांत मोबाइल सापडत गेले. कोल्हापूरच्या कळंब्यात 2020 मध्ये भिंतीवरून मोबाइल आणि गांजाची पुडकी आत फेकली गेली. तिहारच्या एका कैद्याने 2022 मध्ये झडतीच्या धास्तीने फोन चक्क गिळला. तो दुर्बिणीने काढावा लागला. केंद्राच्या 2023 च्या आदर्श कारागृह कायद्याने अशा मोबाइलसाठी तीन वर्षांपर्यंत कैद सुचवली आहे. जॅमरही बसवले जातात. तरी घरी बोलायचा सरळ रस्ता जितका अरुंद, तितका चोरट्या फोनला भाव, हे कोणत्याही बाजाराला कळते.

ब्रिटनमध्ये लॉर्ड फार्मर यांच्या 2017 च्या अहवालाने नोंदवले, की ज्यांना घरचे भेटायला येत त्या कैद्यांचे पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी होते. तिथल्या बऱ्याच तुरुंगांत आता कोठडीतच फोन आहे. बेल्जियममधल्या बेव्हेरेनच्या तुरुंगात तर कोठडीतल्या पडद्यावरून फोन, अभ्यासक्रम आणि कँटीनची मागणी, सारे होते.

येरवड्यात क्षमतेच्या दुपटीहून जास्त बंदी कोंबलेले असताना कोठडीतल्या फोनची भाषा चैनीची वाटेल. पण कार्ड हातात येऊनही यंत्रासमोरची रांग सरकत नसेल, तर यंत्रे वाढवायला नवा कायदा लागत नाही.