घरच्या घरी अपूर्णांक

मूल तिसरी-चौथीत गेले की त्याच्या वहीत एक नवी गोष्ट दिसू लागते. एक आकडा वर, एक आकडा खाली आणि मध्ये आडवी रेघ. मूल म्हणते, "आई, हे मला येत नाही." आई वही पाहते. तिलाही ते उमगत नाही. मग ती म्हणते, "मला कुठं येतंय बाळा? उद्या शाळेत बाईंना विचार." मूल शाळेत विचारत नाही. चार पोरे हसतील अशी त्याला भीती वाटते. असे चार-सहा वेळा झाले, की मूल स्वतःच ठरवून टाकते, "गणित माझ्या नशिबात नाही."

आईबापांनो, एवढ्यावर वही मिटू नका. त्या आकड्यांना शाळेत अपूर्णांक म्हणतात. पूर्ण नाही तो अपूर्ण. एका पुऱ्या वस्तूचे वाटे केले आणि त्यातले काही घेतले, की झाला अपूर्णांक. वाटे घालण्याचे काम तर तुम्ही रोज करता. तेव्हा हा धडा तुम्हाला शिकवता येईल. त्यासाठी तुमची शाळा किती झाली आहे, हे कोणी विचारणार नाही.

हा धडा सोडून चालणार नाही. टक्केवारी, व्याज, दशांश हे सारे पुढे यावरच उभे राहते. आणि शाळेबाहेरही तेच. समजा, मजुरीचा रोज ४०० रुपये ठरला. एके दिवशी काम जास्त झाले, तर मुकादम म्हणतो, "तुला सव्वा रोज देतो." सव्वा रोज म्हणजे ५०० रुपये. ज्याला हे चटकन काढता येत नाही, तो हातावर पडेल तेवढे घेऊन घरी येतो. आपल्या मुलावर ही पाळी येऊ नये.

तुमच्या तोंडीच अपूर्णांक आहेत

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. हे शब्द तुम्ही कोणत्या पुस्तकात शिकलात? कोणत्याच नाही. ते घरात, बाजारात ऐकून आले. पाव किलो साखर, दीड लिटर दूध, साडेसातची एसटी, पावणेपाचची पाळी. हे सगळे अपूर्णांकच आहेत.

या शब्दांचा अर्थ मुलाला फोडून सांगा. पाऊण म्हणजे पाव उणा. एकातून पाव कमी केला की पाऊण. पावणेतीन म्हणजे तिनाला पाव कमी. सव्वा म्हणजे वर पाव जास्त. सव्वातीन म्हणजे तीन आणि वर पाव. साडेतीन म्हणजे तीन आणि अर्धा. पण साडेएक आणि साडेदोन असे आपण म्हणत नाही. त्यांना दीड आणि अडीच ही वेगळी नावे आहेत. मूल इथे गोंधळते. त्याला घड्याळासमोर उभे करा आणि वेळ सांगायला लावा. दहा-बारा दिवसांत हे शब्द पक्के होतील.

घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांना या कामात घ्या. १९५७ सालापर्यंत आपल्या रुपयाचे सोळा आणे होत. चार आणे म्हणजे पाव रुपया, आठ आणे म्हणजे अर्धा, बारा आणे म्हणजे पाऊण. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. मग पाव रुपया म्हणजे २५ पैसे झाला. पुढे २०११ साली २५ पैशांचे नाणेही चलनातून गेले. तरी "चार आणे" हा शब्द म्हातारी माणसे अजून बोलतात. रुपयाचे सोळा भाग करा की शंभर करा, पाव तो पावच राहिला.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. हे अपूर्णांकांचे पाढे. पावकीत प्रत्येक आकड्याचा पाव, निमकीत अर्धा, दिडकीत दीडपट. घरात कोणाला ते येत असतील, तर संध्याकाळी दिवे लागल्यावर मोठ्याने म्हणू द्या. मूल ऐकता ऐकता शिकेल.

पहिली गोष्ट : वाटे सारखे हवेत

सुरुवात पाटीवर करू नका. भाकरीवर करा. आईने एक भाकरी घ्यावी आणि मुद्दाम एक तुकडा मोठा, एक लहान करावा.

"ही तुझी अर्धी. ही दादाची अर्धी."

"ही कुठं अर्धी? दादाला जास्त आलं!"

"अगं, तुकडे दोनच केले की."

"दोन केलेस, पण सारखे कुठं केलेस?"

झाले! मुलीने स्वतःच सांगितले. तुकडे दोन झाले म्हणून अर्धे होत नाहीत. दोन्ही सारखे झाले, तरच ते अर्धे. तसेच चार तुकडे सारखे झाले, तरच एकेकाला पाव म्हणायचे. भाकरीच्या अशा पाव तुकड्याला आपण चतकोर म्हणतो. तो शब्दही मुलीला सांगा. दोन चतकोर जोडून ठेवले की अर्धी भाकरी दिसते. तीन ठेवले की पाऊण. चार ठेवले की पुरी.

दुसरी गोष्ट : वाटे वाढले की वाटा घटतो

इथे पुष्कळ मुले चुकतात. चारपेक्षा आठ मोठे, हे त्यांनी पहिलीत शिकलेले असते. म्हणून त्यांना वाटते, आठवा हिस्सा पावापेक्षा मोठा असणार. त्यात मुलाचा दोष नाही. त्याला हाताने करून पाहू द्या.

जुन्या वर्तमानपत्राची एक लांब पट्टी कापा. ती मधोमध दुमडा आणि उघडा. दोन सारखे भाग दिसतील. पुन्हा दुमडा, त्यावर आणखी एकदा दुमडा आणि उघडा. चार भाग होतील. आता मुलाला विचारा, "तिसरी घडी घातली तर किती होतील?" बहुतेक मुले सांगतात, "सहा." तुम्ही काही बोलू नका. घडी घालू द्या आणि मोजू द्या. आठ भाग होतात. दर घडीला भाग दुप्पट होतात, हे त्याचे त्यालाच कळेल.

मग त्याला घरातले उदाहरण द्या. एक भाकरी चौघांत वाटली तर जास्त मिळेल, की आठ जणांत वाटली तर? हे मुलाला लगेच सांगता येते. पंगतीला माणसे वाढली की पानातले कमी होते. खाणारे आठ, तर वाटा लहान. खाणारे चार, तर वाटा मोठा.

हीच पट्टी आणखी एक गोष्ट शिकवते. तिच्यावरचे दोन पाव आणि एक अर्धा भाग जुळवून पाहा. ते सारखे भरतात. आठातले चार भागही तेवढेच भरतात. तुकडे जास्त, पण माल तेवढाच. शाळेत यांना सममूल्य अपूर्णांक म्हणतात.

तिसरी गोष्ट : कशाचा पाव?

ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. बापाने मुलाला विचारावे,

"पाव म्हणजे किती रे?"

"अडीचशे," मुलगा सांगेल. त्याने दुकानात ऐकलेले असते.

"मग पाव तास म्हणजे अडीचशे मिनिटं का?"

मुलगा हसेल. हसला म्हणजे त्याला कळू लागले. आता दोघे मिळून मांडा. पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम. पाव तास म्हणजे १५ मिनिटे. एकराचे गुंठे ४०, म्हणून पाव एकर म्हणजे १० गुंठे. डझनात १२ केळी, म्हणून पाव डझन म्हणजे ३ केळी. सव्वाशे म्हणताना आपण शंभराचा पाव घेतो, म्हणून सव्वाशे म्हणजे १२५. शब्द एकच, पण दर वेळी उत्तर निराळे. कारण पुरी वस्तू निराळी.

म्हणून मुलाला एक सवय लावा. अपूर्णांक दिसला की त्याने आधी विचारावे, "कशाचा?" लहान भाकरीची अर्धी आणि मोठ्या भाकरीची चतकोर यांत मोठे काय, हे भाकऱ्या पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. भावाभावांच्या वाटणीत, उधारीत, व्याजात माणसे फसतात ती पुष्कळदा इथेच. "अर्धा हिस्सा" ऐकून ती खूश होतात आणि कशाचा अर्धा, हे विचारायचे राहून जाते.

मोजायच्या वस्तूंवरही हा खेळ करा. भुईमुगाच्या बारा शेंगा घ्या. अर्ध्या किती? सहा. पाव किती? तीन. पाऊण किती? नऊ. तिसरा हिस्सा किती? चार. मुलाने आधी ढीग करावेत, मग मोजावेत. गणित झाले की शेंगा खाव्यात.

आता पाटी घ्या

हाताने झाले, तोंडाने झाले, आता लिहायला हरकत नाही. पाटीवर ३/४ लिहा. रेघ आडवी काढून ३ वर लिहिले, ४ खाली लिहिले, तरी अर्थ तोच. खालचा आकडा सांगतो, वाटे किती केले. त्याला छेद म्हणतात. छेद म्हणजे कापणे. वरचा आकडा सांगतो, त्यातले किती घेतले. त्याला अंश म्हणतात. अंश म्हणजे वाटा. चार सारखे वाटे केले, तीन घेतले. हीच आपली पाऊण. वाचताना "तीन छेद चार" असे वाचतात. याच रीतीने पाव म्हणजे १/४, अर्धा म्हणजे १/२, तिसरा हिस्सा म्हणजे १/३.

मात्र तिरपी रेघ दिसली की तो अपूर्णांकच, असे नाही. आपल्या जमिनीच्या उताऱ्यावर ७/१२ असे असते. ते बारा भागांतले सात भाग नव्हेत. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे ते दोन नमुने आहेत. सातमध्ये जमीन कोणाची व किती ते असते, बारामध्ये पिकाची नोंद असते. मूल कधी विचारील, म्हणून हे सांगून ठेवले.

बेरजेतली एक चूक

१/२ आणि १/४ यांची बेरीज करायला दिली, की मूल वरचे आकडे मिळवते आणि खालचेही मिळवते. उत्तर लिहिते २/६. रागावू नका. भाकरी काढा. अर्धी भाकरी ताटात ठेवा, शेजारी चतकोर ठेवा. "किती झाली?" मूल म्हणेल, "पाऊण." मग पट्टी घेऊन सहा भागांतले दोन भाग दाखवा. ते तर अर्ध्याहूनही कमी आहेत. अर्धीत आणखी घातली आणि ती कमी कशी होईल?

खरी रीत सोपी आहे. आधी तुकडे एका मापाचे करा, मग मोजा. अर्ध्या भाकरीचे दोन चतकोर करा. दोन चतकोर आणि एक चतकोर मिळून तीन चतकोर. म्हणजे ३/४. चतकोरांची बेरीज केली तरी चतकोराचे नाव बदलत नाही, म्हणून खालचा ४ तसाच राहतो. तुकडे एका मापाचे करण्याला शाळेत समच्छेद करणे म्हणतात.

शिकवताना एवढे सांभाळा

रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. स्वयंपाक करताना, दूध मापताना, बाजारात जाताना हे जमते. मूल चुकले तर "एवढंही येत नाही?" असे म्हणू नका. "कसं केलंस, मला दाखव" असे म्हणा. दाखवता दाखवता चूक पुष्कळदा त्यालाच सापडते. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. आणि मुलीला "तुला काय करायचंय गणित?" असे कधीही म्हणू नका.

तुम्ही स्वतः आता लिहायला शिकत असाल, तर फारच छान. एकाच पाटीवर दोघांनी लिहा. मुलाला शाळेत कळले ते त्याने तुम्हाला सांगावे. तुम्हाला बाजारात कळले ते तुम्ही त्याला सांगावे. दुसऱ्याला सांगितले की आपलेही पक्के होते. त्यात लाज कसली?

आता मुलाला विचारा

१. एक भाकरी आठ जणांत सारखी वाटली. एकाला कितवा हिस्सा मिळाला?
२. पाऊण तास म्हणजे किती मिनिटे?
३. अर्धा एकर म्हणजे किती गुंठे?
४. रोज ४०० रुपये असेल, तर दीड रोज म्हणजे किती रुपये?
५. पाव किलो आणि अर्धा किलो मिळून किती ग्रॅम?
६. १/३ मोठा की १/५? का, ते भाकरीवरून सांगा.

उत्तरे : १. आठवा हिस्सा, म्हणजे १/८. २. ४५ मिनिटे. ३. २० गुंठे. ४. ६०० रुपये. ५. ७५० ग्रॅम. ६. १/३ मोठा. तिघांत वाटली तर जास्त मिळते, पाचांत वाटली तर कमी.