मोहरी खाल्लेल्या गाईंचे फोटोशास्त्र

१८८२ च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात जॉर्ज ईस्टमनच्या कारखान्यातल्या फोटोच्या काचा एकाएकी आंधळ्या झाल्या. प्रकाश पडूनही चित्र उमटेना. बऱ्याच खटपटीनंतर दोष सापडला तो जिलेटिनमध्ये. पण काचेवरचा क्षार नुसता धरून ठेवणाऱ्या या चिकट पदार्थाचा नजरेशी काय संबंध, हे उलगडायला आणखी चाळीस वर्षे लागली.

तो क्षार म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइड. फिकट पिवळा, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम ब्रोमाइड ओतले की त्याचा साका खाली बसतो. जिलेटिनमध्ये मात्र त्याचे बारीक स्फटिक सुटे सुटे तरंगत राहतात. १८७१ मध्ये ही युक्ती सुचवली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने.

स्फटिकावर प्रकाश पडला की ब्रोमाइड आयनातून इलेक्ट्रॉन सुटतो आणि फिरत फिरत एखाद्या खाचेत अडकतो. चांदीचा आयन तिथे पोचला की चांदीचा एक अणू तयार होतो. असे जेमतेम चार-पाच अणू एका जागी जमले तरी पुरे! डोळ्याला काही दिसत नाही. पण डेव्हलपरमध्ये बुडवताच अब्जावधी आयनांचा तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. उरलेला क्षार हायपो नावाच्या द्रावणात विरघळून जातो.

लाल प्रकाशाचे फोटॉन मात्र हा इलेक्ट्रॉन सोडवायला अपुरे पडतात. म्हणूनच डार्करूममध्ये लाल दिवा चालतो.

आता प्रश्न उरतो त्या खाचेचा. निर्दोष स्फटिकात इलेक्ट्रॉनला अडकायला जागाच सापडत नाही. ईस्टमनच्याच कोडॅक कंपनीतल्या सॅम्युअल शेपर्डने १९२५ मध्ये याचे उत्तर दिले. जिलेटिन बनते गुरांच्या हाडा-कातड्यांपासून. गुरांनी मोहरीच्या जातीची रोपे खाल्ली असतील, तर त्यातली गंधकाची संयुगे लेशमात्र जिलेटिनमध्ये उतरतात. वाटलेल्या मोहरीचा वास नाकात झिणझिण्या आणतो, तेच हे द्रव्य! त्यातल्या गंधकाने स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके पडतात आणि इलेक्ट्रॉनला थांबायला जागा मिळते.

पुढे कारखानदार शुद्ध जिलेटिन घेऊन त्यात गंधक मोजून घालू लागले. त्यासाठी वापरात आलेले एक रसायन म्हणजे सोडियम थायोसल्फेट. डार्करूममध्ये शेवटी सिल्व्हर ब्रोमाइड धुऊन काढणारा हायपो तो हाच.