सातपुड्यातली मोहाची धार

फाल्गुनात सातपुड्याचे डोंगर उघडे पडतात. सागाला पान राहत नाही, नाले आटत येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मोहाच्या निष्पर्ण फांद्यांना टोकाटोकाला फुलांचे घोस लागतात. ही फुले रात्रीची. अंधारात त्यांचा वास दरवळतो, वटवाघळे येतात, परागीभवन उरकते आणि पहाटेपासून ऊन तापेपर्यंत पिवळसर पांढरी, मांसल फुले टपटप खाली पडत राहतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागातल्या पाड्यांवरच्या बायका आणि मुले टोपल्या घेऊन उजाडण्याच्या आतच झाडाखाली पोचतात. उशीर झाला तर गुरे-शेळ्या आपला वाटा उचलतात, आणि जंगल दाट असेल तिथे अस्वलही.

या फुलापासून काढलेली दारू ही भिल्ल आणि पावरा समाजाची जुनी ठेव आहे. शहरातल्या माणसाला ती ‘गावठी’ म्हणून, ‘हातभट्टी’ म्हणून, पोलिसांच्या धाडीच्या बातमीतून माहीत असते. मला मात्र तिच्याकडे एक कारागिरी म्हणून पाहावेसे वाटते, कारण फूल वेचण्यापासून धार पडेपर्यंत तिच्यात जितके ज्ञान साठलेले आहे तितके आपण सहसा कबूल करत नाही.

मोह हा चिकूच्या कुळातला वृक्ष. फुलाच्या पाकळ्या मिळून एक रसाळ गोळी झालेली असते, आणि वाळवल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग निव्वळ साखर असतो. म्हणून मोह आधी अन्न आहे, मग पेय. वाळवलेली फुले भाजून खातात, उकडून खातात, कुटून भाकरीच्या पिठात मिसळतात. पाऊस नसलेल्या वर्षी, कणगी रिकामी झाल्यावर या फुलांनी माणसे जगवली आहेत. फुलांमागून फळ येते ती टोळंबी. तिच्या बियांचे तेल खाण्याला, दिव्याला आणि अंगाला चालते. ज्या झाडाचे फूल, बी आणि सावली अशा तिन्ही गोष्टी घराला लागतात, ते झाड शेताच्या मधोमध आले तरी कुणी तोडत नाही. कोणते झाड कोणत्या घराने वेचायचे हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते.

दारूसाठी फुले कडक वाळलेली लागतात. उन्हात चार-सहा दिवस पसरली की ती लालसर तपकिरी होतात आणि मनुक्यासारखा वास येऊ लागतो. मग ती पाण्यात भिजत घालायची. याला सडवा म्हणतात. वेगळे खमीर घालावे लागत नाही. फुलावरच वस्तीला असलेले सूक्ष्मजीव काम सुरू करतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत सडवा तयार होतो, थंडीत जास्त दिवस लागतात. किती दिवस, हे घड्याळ सांगत नाही. मडक्याला कान लावून फसफस ऐकायची, ती शांत होत आली आणि फुले तळाशी बसली की चुलीची तयारी करायची. घाई केली तर धार थोडी पडते, चुकून वेळ गेला तर आंबट होते.

भट्टी साधी असते. चुलीवर सडव्याचे भांडे, त्यावर दुसरे भांडे उपडे बसवलेले, सांधे चिकणमातीने लिंपलेले, आणि वाफ बाहेर नेणारी पोकळ बांबूची नळी. नळीचे दुसरे टोक थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. म्हणूनच जुन्या भट्ट्या ओढ्याकाठी लागत. खरी परीक्षा जाळाची. जाळ मोठा झाला की सडवा उतू जाऊन नळीत शिरतो आणि सगळी दारू करपट होते. जाळ मंद झाला की वाफच वर चढत नाही. हे काम बहुतेक घरी म्हाताऱ्या बायकांकडे असते, आणि जाळापाशी बसल्या की त्या दुसरे काही करत नाहीत. सुरुवातीला जे येते ती पहिल्या धारेची. तिचे चार थेंब जाळावर टाकले की निळी ज्योत उठते, आणि तीच तिच्या जोराची खूण. पुढे धार पातळ होत जाते. कुठे थांबायचे हे जिभेवर ठेवून ठरवतात.

चवीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. सडव्यातली साखर आंबण्यात संपलेली असते, म्हणून चांगली मोहाची दारू गोड लागत नाही. गोडवा फक्त वासात उरतो. नाकाला आधी फूल कळते, जडसर, थोडे मातट. मग मनुका, वाळक्या अंजिराची आठवण. जिभेवर हलका धूर येतो, तो चुलीचा. घशात जाळ नसतो, ऊब असते, आणि ती छातीपर्यंत जाते. बाजारात जी मिळते तिचे असे नसते. तिच्यात गूळ घालून माल वाढवलेला असतो, आंबवणे लवकर व्हावे म्हणून नवसागर टाकलेला असतो, आणि घोटासरशी घसा सोलतो. ती पिऊन मोहाबद्दल मत बनवणे हा त्या झाडावर अन्याय आहे.

पळसाच्या पानाच्या द्रोणात ओतल्यावर कुणी लगेच तोंडाला लावत नाही. आधी चार थेंब जमिनीवर पडतात, पूर्वजांसाठी, देवासाठी. गुजरातच्या हद्दीत, अक्कलकुव्यापासून जवळच असलेल्या देवमोगऱ्याला महाशिवरात्रीच्या सुमारास याहामोगी मातेची यात्रा भरते. सातपुड्याच्या दोन्ही बाजूंची माणसे नव्या बांबूच्या टोपलीत धान्य आणि मोहाची दारू घेऊन तिथे चालत जातात. बाळाच्या जन्माला, सोयरिकीला, मौतीला ही धार लागतेच. होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठी गावची राजवाडी होळी पेटते, आणि त्याच दिवसांत झाडाखाली नवी फुले पडू लागतात. पण होळीचे व्रत पाळणारे, अंगाला राखेचे पट्टे ओढून, कमरेला घुंगरू बांधून नाचणारे पाळणीच्या दिवसांत कडक नियमाने राहतात. कधी प्यायचे आणि कधी नाही, हे या संस्कृतीने स्वतःच ठरवून ठेवले होते.

फुलाच्या पेयांत जगात स्कॉटलंडच्या हेदर एलचे नाव मोठे आहे. डोंगरमाळावर वाढणाऱ्या हेदर नावाच्या झुडपाच्या जांभळट फुलांनी वासवलेली ही बिअर. तिची साखर बार्लीच्या माल्टमधून येते, फूल फक्त गंध आणि हलका कडवटपणा देते. आपल्याकडे साखरही फुलाची, गंधही फुलाचा आणि आंबवणारा जीवही फुलावरचाच. हेदर एलविषयी तिकडे एक दंतकथा आहे: कृती जाणणारा शेवटचा म्हातारा शत्रूच्या हाती सापडतो, पण मरण पत्करतो आणि गुपित सांगत नाही. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८९० मध्ये त्यावर काव्य लिहिले. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रूस विल्यम्स यांनी ‘फ्रॉख’ या नावाने हे पेय पुन्हा बाजारात आणले, आणि आज स्कॉटलंड ते अभिमानाने पाहुण्यापुढे ठेवते. सातपुड्यात कृती कधी हरवलीच नाही. तिला फक्त गुन्हा ठरवले गेले.

त्याची सुरुवात १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यापासून धरता येते. सरकारने दारू काढण्याचा हक्क ठेकेदारांच्या हाती दिला आणि घरची भट्टी बेकायदा झाली. मोहाची दारू तर सरकारला हवीच होती. उरणच्या भट्ट्यांमधून ती मोठ्या प्रमाणावर निघे आणि तिजोरी भरे. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. अंगणात वाळत घातलेले फूलही संशयाचे झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि आदिवासी माणूस पोलिसांच्या नजरेत आरोपीच राहिला.

या गोष्टीची दुसरी बाजू नंदुरबारनेच सांगितली आहे, आणि ती टाळून मोहाचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. १९३० च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडचे गुलाम महाराज यांनी आरतीच्या चळवळीतून हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. १९७२ नंतर शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या लढ्यात उतरलेल्या बायकांनी गावोगावचे गुत्ते गाठून दारूची मडकी फोडली. मजुरी गुत्त्यात जात होती आणि घरी मार पडत होता. त्या बायकांचा राग शंभर टक्के खरा होता. माझ्या मते त्यांनी फोडली ती धंद्याची दारू. पण ज्या घरात दारूने माणूस गेला आहे, त्या घराला हा भेद समजावण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठवले, हे चांगले झाले. घरी दारू काढणे मात्र आजही गुन्हाच आहे. नर्मदेपलीकडच्या अलिराजपूर जिल्ह्यात चित्र बदलले आहे: मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा दिला आणि कट्ठीवाड्याच्या आदिवासी बचत गटाने ‘मोंड’ नावाने ती बाटलीत भरली. गोव्यात डेसमंड नाझरेथ यांनी २०१८ मध्ये मोहाची दारू बाजारात आणली, डहाणूच्या कारखान्यातूनही आता ती महागड्या बाटलीत निघते. पैसा मोहात आहे, हे शहरांनी ओळखले आहे. फुले वेचणारीच्या टोपलीपर्यंत तो किती पोचतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, आणि मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकारही दिला. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात तो अधिकार कागदावर ठेवण्याचे कारण नाही. उद्या महाराष्ट्राने मोहाच्या घरगुती धारेला परवाना द्यायचे ठरवले, तर पहिला परवाना पाड्यावरच्या बायकांच्या गटाला मिळावा, आणि ज्या गावच्या बायका नको म्हणतील तिथे एकही भट्टी लागू नये. दोन्ही निर्णय मुंबईत न होता त्या गावच्या ग्रामसभेत व्हावेत.