पाना हातात येऊ द्या

दहावीचा निकाल लागला, की पुण्यातल्या घराघरांत एक प्रश्न ऐकू येतो. "मग, आता इंजिनिअरिंगच ना?" गुण चांगले असतील तर उत्तर आधीच ठरलेले असते. गुण कमी असतील तर हा प्रश्न कुणी विचारतच नाही. पण "तुला कधी एखादी वस्तू उघडून बघावीशी वाटली का?" हे मात्र दोन्ही घरांत मुलाला विचारायचे राहून जाते.

मी बरीच वर्षे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्कशॉपमध्ये शिकवले. गणितात पैकीच्या पैकी मिळवलेली मुले नट ढिला करायला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा, असे विचारत. दोष त्यांचा नव्हता. अठरा वर्षांत कुणी त्यांच्या हाती पाना दिलाच नव्हता. म्हणून आज मी आठवी-नववीतल्या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलणार आहे.

इंजिनिअर नेमके काय करतो? 'असे का होते?' हे शास्त्रज्ञ विचारतो. इंजिनिअर विचारतो, 'हाताशी आहे तेवढ्यात हे कसे जमवता येईल?' पैसा, जागा, वेळ, माणसे या सगळ्यांनाच मर्यादा असते. त्या मर्यादेत राहून अडचण सोडवणे, ही त्याची विद्या.

उदाहरणासाठी लांब जायला नको. आपल्या खडकवासल्याचेच घ्या. तिथले जुने धरण पावसाळ्यात भरले, की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी कसे साठवायचे, हा प्रश्न होता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी त्यासाठी स्वयंचलित दरवाजे तयार केले, त्यांचे पेटंट घेतले आणि १९०३ मध्ये ते इथे प्रथम बसवले. या दरवाजांमुळे सांडव्याच्या पातळीवर सुमारे आठ फूट अधिक पाणी अडू लागले. गंमत अशी, की पूर आला की वाढत्या पाण्याच्याच जोराने दरवाजे उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. ज्या पाण्याची भीती, त्यालाच कामाला लावले! हे विश्वेश्वरय्या शिकले होते पुण्याच्याच सायन्स कॉलेजात. १८५४ मध्ये बांधकाम खात्याची माणसे तयार करण्यासाठी निघालेल्या वर्गातून वाढलेली ही संस्था पुढे 'सीओईपी' म्हणून ओळखली गेली.

याच नदीने पुण्याला दुसरी बाजूही दाखवली. १२ जुलै १९६१ रोजी, काम पूर्ण झालेले नसताना पाणी साठलेले पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि नदीकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले. इंजिनिअरचे काम चोख झाले, तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकले, तर शहर वाहून जाते. केवळ पगाराचा आकडा ऐकून या वाटेला येणाऱ्या मुलाला हेही सांगितले पाहिजे.

आता नारायणगावजवळच्या खोडदला चला. तिथे आणि आसपास मिळून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वजन आणि खर्च भरमसाट वाढला असता, आणि वारा अडून त्या उलथण्याचा धोका राहिला असता. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची. आकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओ लहरी टिपायच्या, त्यांची लांबी याच्या कितीतरी पट. त्यामुळे लहरींना ती जाळी आरशासारखी भरीव वाटते, वारा मात्र आरपार निघून जातो. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीला, तिथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि शाळांची मुले आपापले प्रयोग मांडतात. शाळेच्या सहलीला याहून चांगले ठिकाण कोणते?

पण नुसते पाहून भागत नाही, हात लावावा लागतो. हे ओळखून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतले संशोधकाचे काम सोडले आणि १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात 'विज्ञान आश्रम' सुरू केला. तिथून शाळांसाठी एक अभ्यासक्रम तयार झाला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, सुतारकाम, विजेची जोडणी, शेती, अन्नप्रक्रिया अशी कामे करतात. शिकवायला बहुधा गावातलेच कारागीर असतात. मुले गावाला लागणाऱ्या वस्तू खरोखर बनवून देतात. फाटकाचा कोन चुकला, तर फाटक लागत नाही! मग भूमितीतला काटकोन कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही. याच पाबळमध्ये २००२ साली संगणकावर आराखडा काढून वस्तू बनवण्याची 'फॅब लॅब' सुरू झाली. कल्पना एमआयटीची. कोथरूडची नव्हे, अमेरिकेतली!

पाबळची खरी शिकवण मला ही वाटते, की पुस्तकात मागे पडणारे मूल कामात पुढे असू शकते. त्याला 'तुझे काही खरे नाही' म्हणण्याआधी वाटा पाहा. दहावीनंतर आयटीआय आहे. तीन वर्षांची पदविका आहे आणि ती पूर्ण केल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ही वाट कमी प्रतीची नाही. या मुलांचा हात आधीच बसलेला असतो, हे मी वर्गात पाहिले आहे.

म्हणून पालकांनो, येत्या सुट्टीत एक करा. गळक्या नळासाठी लगेच प्लंबरला फोन करू नका. आधी पाणी बंद करा आणि मुलाच्या हाती पाना द्या. मुलीच्याही द्या, 'हे तुझे काम नाही' असे न म्हणता. वायसर बाहेर काढून कुठे झिजला आहे, ते पाहू द्या. विजेची वस्तू असेल, तर प्लग काढून आणि मोठ्या माणसाने शेजारी बसूनच. चार स्क्रू हरवतील, तास वाया गेल्यासारखा वाटेल. कदाचित शेवटी प्लंबरला बोलवावेही लागेल. मग मुलाला त्याच्याजवळ बसवा आणि आपले काय चुकले, ते विचारायला सांगा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)