अर्ध्या मिनिटाचा डाव

सिडकोतल्या माझ्या घरी गेला उन्हाळाभर एक जुना लॅपटॉप रात्रंदिवस स्वतःशीच बुद्धिबळ खेळत होता. अर्ध्या मिनिटात डाव संपे. पडद्यावर सरसर सरकणारी प्यादी पाहून शेजारचे काका म्हणाले, "हा कसला खेळ? यात विचार कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. 'स्टॉकफिश' या बलाढ्य इंजिनातला प्रत्येक बदल २०१३पासून 'फिशटेस्ट' या यंत्रणेवर तपासला जातो; स्वयंसेवक त्यासाठी आपापले संगणक देतात. पहिल्या फेरीत प्रत्येक बाजूला १० सेकंद आणि चालीमागे एक दशांश सेकंदाची भर. ६० चालींचा डाव धरला तर एका बाजूच्या वाट्याला १६ सेकंद. तेवढ्यातही इंजिन दर सेकंदाला लाखो स्थिती चाळते.

तरी एवढी घाई का? मी इंजिनाच्या मूल्यमापनात एक बारीक बदल केला आणि नव्या-जुन्याचे १०० डाव लावले. नव्याला ५५ गुण. मी खूश! मग वही घेऊन बसलो. निम्मे डाव बरोबरीत सुटतात असे धरले, तर १०० डावांत निव्वळ योगायोगाने ७ गुणांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. माझे ५ गुण त्यातच बुडाले.

खरी सुधारणा पुष्कळदा २ एलो गुणांचीच असते, म्हणजे शंभरात ५०ऐवजी ५०.३. ती खात्रीने ओळखायला ६० हजारांच्या घरात डाव हवेत. अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने एका गाभ्यावर तीन आठवडे लागतात. माणसांसारखे चार तासांचे डाव खेळवले तर २७ वर्षे! म्हणूनच अब्राहम वाल्ड यांची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली क्रमिक चाचणी इथे वापरतात. पुरावा पुरेसा जमला की डाव थांबवायचे.

घाईत चमकलेला बदल दीर्घ विचारात फिका पडू शकतो, म्हणून पुढची फेरी ६० सेकंदांची. घड्याळ फारच आखडले, तर खेळाबाहेरच्याच गोष्टी निकाल लावतात. मी हौसेने एकदा डावाला एकच सेकंद दिला. लॅपटॉपने मध्येच अँटिव्हायरस चालवला आणि जिंकत आलेले इंजिन वेळ संपून हरले. चालीमागे काही मिलिसेकंद राखून ठेवायची सोय इंजिनात असते, ती मी विसरलो होतो.

माणसांचे उलटे. जुलै २०२५मध्ये बातुमीला कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने जलद डावात विश्वचषक जिंकला. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. तिथे एका डावावर सगळे ठरले. माझ्या लॅपटॉपच्या वहीत एका डावाला जवळजवळ शून्य किंमत.

काकांना हा सगळा हिशेब ऐकवला. त्यांनी शांतपणे विचारले, "आणि विजेचं बिल कुठल्या फेरीत धरलंय?"