बोटावरचा आकडा आणि सिस्टरची नजर
कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर मुळात जपानचा. त्याचं तत्त्व ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश जातो. प्राणवायू घेतलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, त्यावरून टक्केवारी निघते. हात गार असले, रुग्ण थरथरत असला, नखांना गडद पॉलिश असलं की हिशेब बिघडतो. त्वचा काळी असेल तर आकडा प्रत्यक्षाहून जास्तही दिसू शकतो, हे २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासाने ठळकपणे पुढे आणलं.

म्हणून चांगली सिस्टर आधी बोट चोळून गरम करते आणि मिनिटभर श्वास मोजते, तोही रुग्णाला न सांगता. सांगितलं की लय बदलते. ऑक्सिजन घसरण्याआधी श्वासाचा वेग अनेकदा वाढलेला असतो. तरी हीच मोजणी बऱ्याचदा अंदाजाने उरकली जाते. नोंदी भरायच्या टॅबमधली प्रणाली मग त्या अंदाजावरच रुग्णाच्या धोक्याचे गुण काढते.

ऑक्सिजनचा मास्क लावलेला रुग्ण ९८ दाखवत असतानाही गुंगीत जाऊ शकतो. आत कार्बन डायऑक्साइड साचत असतो, आणि तो ऑक्सिमीटरला मोजताच येत नाही.